ओरेस्तेची आई फोनवर

रेडिओवर गाद्यांची जाहिरात लागली की मी आजही हात पुढे करून तो बंद करते. शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ही माझी लहर वाटते. लहर नाही, राग आहे. इतकी वर्षं झाली तरी तो जिथल्या तिथे आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. त्या गाद्या विकता याव्यात म्हणून एका माणसाची आई कापून काढली होती. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मी अगदी शब्दशः सांगते आहे.

ओरेस्ते पालुंबीची आणि माझी ओळख त्याच्या गप्प बसण्यातून झाली. दोन हजार एकमध्ये आम्ही नागपूरहून न्यू जर्सीत आलो आणि वेस्ट विंडसरला अपार्टमेंट घेतलं. शिरीषला नोकरी होती. मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आलेली, म्हणजे राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती. एका रविवारी सकाळी आम्ही एडिसनला किराणा आणायला निघालो होतो. गाडी जुनी, तिचा रेडिओ त्याहून जुना. त्यावर कोणीतरी परक्या भाषेत फोनवर बोलत होतं. "प्रोन्तो? मम्मा!" असं म्हणाला आणि गप्प झाला. मग दोन शब्द, पुन्हा गप्प. शिरीषने रेडिओवर थाप मारली.

"स्पीकर गेला वाटतं."

पुन्हा दोन शब्द आले आणि पुन्हा शांतता. शिरीषने पुन्हा थाप मारली.

"अरे थांब ना," मी म्हटलं. "तो ऐकतोय."

"कोणाला?"

"आईला. ती बोलतेय तिकडून."

मला इटालियनचा ओ की ठो कळत नव्हता. पण आईशी फोनवर बोलणाऱ्या माणसाची बाजू कुठल्याही भाषेत तीच असते. आधी घाईघाईने होकार, मग जेवलो, हो जेवलो, मग काहीतरी समजावून सांगायचा प्रयत्न, तो अर्ध्यात तुटलेला, मग बराच वेळ काहीच नाही आणि शेवटी नाकातून सोडलेला एक लांब श्वास. त्या श्वासाला मी इतकी हसले की शिरीषने गाडी हळू केली. त्या गप्प जागांमध्ये मला ती बाई स्वच्छ ऐकू येत होती. माझ्या आईसारखीच बोलत होती, फक्त इटालियनमध्ये.

पुढे आमच्या मराठी मंडळाला त्याच स्टेशनवर रविवारी सकाळी, इटालियन तासाच्या लगेच नंतर, अर्धा तास मिळाला. कार्यक्रम करायला वेळ असलेला माणूस हवा होता. मंडळात सगळ्यांकडे सगळं होतं, वेळ तेवढा माझ्याकडेच होता. तसं ते स्टेशन म्हणजे हायवेच्या कडेला, गालिच्यांच्या दुकानामागची एक बसकी इमारत. पहिल्या दिवशी मी आत गेले तर काचेपलीकडे एक लहानखुरा, साठी ओलांडलेला माणूस कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून बसला होता. त्याच्या कानाला काळा, जड, जुन्या पद्धतीचा टेलिफोनचा रिसीव्हर होता. रिसीव्हरची वायर टेबलावरून खाली लोंबून त्याच्याच कोटाच्या खिशात गेली होती.

"रेडिओवर टाय कशाला?" मी नंतर विचारलं.

"आई बघते ना," तो म्हणाला.

वयाने तो माझ्या वडिलांच्या बरोबरीचा, पण आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, आणि इंग्रजीने अहो-जाहोचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवून टाकला. मी त्याला ओरेस्ते म्हणायची, तो मला वेसाली. 'वै' त्याला कधीच जमला नाही. स्टेशनवरच्या कॉफीला तो हात लावत नसे. "हे पाणी कॉफीच्या शेजारून चालत गेलंय," असं म्हणून घरून आणलेल्या थर्मासमधली काळीकुट्ट कॉफी बोटाएवढ्या कपात ओतायचा आणि त्यात चमचाभर साखर घालून कितीतरी वेळ ढवळत बसायचा.

इटलीत त्याने आयुष्यभर रेडिओसाठी विनोदी लिहिलं. म्हणजे लिहायचा हा, बोलायचे दुसरे. बोलणाऱ्यांचे फोटो मासिकांत छापून यायचे, ह्याचं नाव कार्यक्रमाच्या शेवटी इतक्या भरभर वाचलं जायचं की त्याच्या आईलाही ते कधी ऐकू आलं नाही. त्याची बायको लुचिया जन्माने इथलीच, ट्रेंटनची. तिचे वडील आजारी पडले म्हणून दोघं अमेरिकेत आले आणि राहिले. इथे त्याला विनोद लिहायला कोणी बोलावलं नाही. बोलावलं ते एका सॉसच्या जाहिरातीत आवाज द्यायला. हा गेला, नीट बोलला. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, थोडा सूर वेगळा, एवढंच. ते म्हणाले, अजून थोडं इटालियन कर. ह्याने अजून थोडं केलं. ते म्हणाले, नाही, ते मम्मा मिया वगैरे, हात उडवून.

"मी म्हटलं, मी इटालियन आहे. तुम्हाला इटालियनची नक्कल हवी आहे," ओरेस्ते मला सांगत होता. "त्या कामाला अमेरिकन माणूस लागतो. आणि थर्मास उचलून निघालो."

तो हे हसत सांगायचा, माझं मात्र रक्त उकळायचं. कारण आम्हालाही तेच करायला सांगितलं जातं. लायब्ररीत एका बाईने मला मुलांना गोष्ट सांगायला बोलावलं होतं. मी सरळ गोष्ट सांगितली, तर म्हणाली, डोकं थोडं हलवत सांगितलंस तर मुलांना मजा येईल. मी थर्मास नेला नव्हता, नाहीतर तिथेच ठेवून दिला असता. म्हणजे तिच्या डोक्यात.

ओरेस्ते त्याचा तास संपला तरी जात नसे. काचेबाहेर खुर्ची ओढून माझा अख्खा कार्यक्रम ऐकायचा. एक शब्द कळत नव्हता. तरी मी एखादा किस्सा सांगितला की हा नेमक्या जागी हसायचा. एकदा मात्र हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "आज विनोद चांगला होता. तू तो पळवलास."

"पळवला म्हणजे?"

"शेवटच्या वाक्याच्या आधी श्वाससुद्धा घेतला नाहीस. तुला भीती वाटते की थांबलीस तर लोक निघून जातील. पण तू थांबलीस तरच ते आत येतात."

मला पटलं नाही असं मी म्हटलं. पुढच्या रविवारी थांबून पाहिलं. त्या दुपारी पहिल्यांदा मंडळाच्या एका काकूंचा फोन आला, की अगं, आज किती हसलो आम्ही.

मी का पळवते, हेही त्याला आपोआप कळलं. स्टेशनच्या व्हरांड्यात पेफोन होता. कार्यक्रम झाला की मी कॉलिंग कार्ड खरवडून तिथून नागपूरला आईला फोन लावायची. त्या लाईनवर आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे दोघी एकदम बोलायचो, एकदम थांबायचो आणि कार्ड संपायच्या धास्तीने पुन्हा एकदम सुरू व्हायचो. दर दोन वाक्यांनी मी म्हणायची, थांब गं आई, थांब.

"तो कुठला शब्द?" ओरेस्तेने विचारलं. "सारखा येतो. 'तांब'."

"थांब. म्हणजे, वाट बघ, जरा वेळ दे."

दुसऱ्याच आठवड्यात त्याने मला पार्किंगमध्ये एका अंगावर येणाऱ्या गाडीला ओरडताना ऐकलं. तेही 'थांब'च. तो गोंधळला. म्हणजे 'बंद कर, पुढे येऊ नकोस' ह्यालाही तोच शब्द?

"तोच."

"मग समोरच्याला कळतं कसं, थांबून राहायचं आहे की थांबवायचं आहे?"

"कळतं," मी म्हटलं. खरं तर मी ह्याचा कधी विचारच केला नव्हता. त्याला तो शब्द फार आवडला. येता-जाता मला 'तांब' म्हणायला लागला, कधी ह्या अर्थाने, कधी त्या अर्थाने, आणि पुष्कळदा कुठल्याच नाही.

त्याच्या कार्यक्रमात गाणी असत, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं लग्न, कोण वारलं ह्याच्या बातम्या असत. पण लोक थांबायचे ते शेवटच्या फोनसाठी. दर रविवारी ओरेस्ते आईला फोन लावायचा. आई तिकडे, त्यांच्या गावात. ती काय बोलते ते कधीच ऐकू यायचं नाही, फक्त ह्याची उत्तरं. तरी अख्ख्या ट्रेंटनमधल्या इटालियन आज्यांना तिचा गुडघा दुखतो हे माहीत होतं, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीशी तिचं वाकडं आहे हे माहीत होतं. त्या स्टेशनला फोन करून तिची चौकशी करायच्या. एकीने तिच्यासाठी लोकरीची जांभळी शाल विणून आणून दिली. ओरेस्तेने ती दोन्ही हातांनी घेतली, आई खूश होईल म्हणाला. पुढच्या रविवारी फोनवर शालीबद्दल बोलणं झालं. रंगावरून आईने काहीतरी सुनावलं असावं, कारण तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, मम्मा, जांभळा सगळ्यांनाच शोभतो. अर्थ त्याने मला नंतर सांगितला.

त्याची आई तो अमेरिकेत यायच्याही आधी गेली होती. हे मला लुचियाने सांगितलं, तीच ती शाल पांघरून. मी ओरेस्तेला विचारलं, मग ती पलीकडून काय बोलते ते तू ठरवतोस ना, मला एकदा तरी सांग.

"तुला ऐकू येत नाही?" तो म्हणाला. "इतकी ओरडते ती."

इटलीत एका निर्मात्याने आईच्या कामासाठी नटी घेऊ या असं सुचवलं होतं. ह्याने तो कार्यक्रम सोडला होता. मला म्हणाला, "तिला आवाज दिला की ती कुठल्यातरी एका बाईचा आवाज होते. नाही दिला की ऐकणाऱ्याची आई येऊन बसते तिथे." एवढं गंभीर बोलल्याची त्याला लगेच लाज वाटली आणि तो कॉफी ढवळू लागला.

मग स्टेशन विकलं गेलं. नव्या मालकांनी ब्रायन नावाचा मॅनेजर नेमला. ब्रायन वाईट माणूस नव्हता असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. तो हसतमुख होता, दार उघडून धरायचा, दर वाक्याला 'ग्रेट' म्हणायचा. त्याने आल्या आल्या एक यंत्र बसवलं. आम्ही त्याला डबा म्हणायचो. आता सगळे कार्यक्रम शुक्रवारी रेकॉर्ड करायचे आणि ह्या डब्यातून काढायचे. डबा काय करायचा, तर बोलण्यातल्या रिकाम्या जागा हुडकून कापून टाकायचा आणि उरलेले तुकडे जोडायचा. वाचलेल्या वेळात एक जास्तीची जाहिरात बसायची. ती गाद्यांची असायची.

आमचा मराठी अर्धा तास तेवढा लाइव्ह राहिला. आम्हाला जाहिरातीच इतक्या कमी होत्या की डब्याने वेळ वाचवून त्यात घालायला काही नव्हतं. रविवारी त्या इमारतीत चिटपाखरू नसायचं. कॉम्प्युटर कार्यक्रम लावायचा, आणि किल्ली माझ्याकडे असायची.

त्या रविवारी आमच्या कार्यक्रमाला सुट्टी होती, म्हणून डब्यातून निघालेला पहिला इटालियन तास मी घरी नाश्ता करता करता ऐकला. गाणी ठीक होती. मग फोन आला. "प्रोन्तो मम्मा हो हो जेवलो नाही मम्मा पण तसं नाही मी म्हणालो की हो मम्मा." माझ्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. तो एकटाच बोलत होता, धाप लागल्यासारखा, खुळ्यासारखा. पलीकडे कोणीच नव्हतं.

शिरीष मात्र कान टवकारून ऐकत होता. "सॉलिड आहे यार हे. सायलेन्स डिटेक्ट करायचा, ट्रिम करायचा, आणि व्हॉइस तसाच ठेवायचा. जॉइंट कुठे आहे ते कळत पण नाही."

"मला कळतंय."

"तुला काय, तुला सगळंच कळतं."

"अरे, त्याची आई कट केली त्यांनी."

"वैशाली, ती नव्हतीच ना पण."

त्या दिवशी मी शिरीषशी बोलले नाही. आमच्या घरातली त्या एका दिवसाची शांतता तरी कोणी कापू शकलं नाही.

स्टेशनवर आज्यांचे फोन आले. एक म्हणाली, ओरेस्तेला बरं नाही का. शालवालीने विचारलं, आई गेली का रे, आम्हाला सांगितलं नाहीस. हा निरोप मीच उतरवून घेतला आणि मलाच तो ओरेस्तेला द्यावा लागला. त्याने टाय सैल केला. त्याला टाय सैल करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"इतकी वर्षं सांभाळली," तो म्हणाला. "समुद्र ओलांडून आणली. ह्यांनी गादीसाठी मारली."

आम्ही दोघं ब्रायनकडे गेलो. ब्रायनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बोलायच्या आधी तो चांगल्यापैकी थांबलाही, म्हणजे स्वतःच्या बोलण्यात त्याला थांबे चालत होते.

"ओरेस्ते, तुझा शो ग्रेट आहे," तो म्हणाला. "आम्ही तुझा एक शब्दही काढलेला नाही. हवं तर मोजून बघ. फक्त काही नव्हतं ते काढलंय."

"तिथे माझी आई होती."

ब्रायन माझ्याकडे बघून हसला, जणू आम्ही दोघं शहाणे आणि हा म्हातारा. मी हसले नाही. तो पुढे म्हणाला, मग आईला आवाज देऊ या, एखादी इटालियन ॲक्सेंटवाली बाई आणू या. म्हणजे मम्मा मिया...

"तांब," ओरेस्ते म्हणाला. हात वर करून, ट्रॅफिक पोलिसासारखा. ब्रायनला शब्द कळला नाही, अर्थ बरोबर कळला. तो गप्प झाला.

पण गप्प बसून काय होतं? डबा चालूच राहिला. मग ओरेस्तेने एक युक्ती काढली. पुढच्या शुक्रवारी तो रिसीव्हरबरोबर कॉफीचा कप घेऊन माईकसमोर बसला. आई बोलायला लागली की हा चमचा ढवळायला लागायचा, अगदी हलका, किणकिण, किणकिण. डब्याला शांतता सापडेना. रविवारी आई परत आली. आता ती बोलताना मुलगा कॉफी ढवळत ऐकत होता, आणि खरं सांगायचं तर ते आधीपेक्षा झकास झालं होतं. शालवालीने फोन करून सांगितलं, की आईला म्हणावं, एवढी साखर देऊ नकोस त्याला. आम्ही दोघं व्हरांड्यात पोट धरून हसलो.

ते काही आठवडे टिकलं. गाद्यांची जाहिरात बसत नाही हे कोणाच्या तरी लक्षात आलं, ब्रायन शुक्रवारी काचेबाहेर येऊन उभा राहिला आणि त्याला चमचा दिसला. तो रागावला नाही. मला वाटतं ह्याचाच मला सर्वात जास्त राग आहे. एक साधासुधा ईमेल आला, की स्टेशन आता बाहेरून तयार कार्यक्रम घेणार आहे, ओरेस्तेचा मार्चमधला शेवटचा रविवार शेवटचा, त्याच्या सेवेबद्दल आभार, आणि शेवटच्या कार्यक्रमात स्टुडिओत खाद्यपदार्थ किंवा पेये नेऊ नयेत.

मंडळात मी हा विषय काढला. आपण सगळे मिळून एक पत्र तरी देऊ या म्हटलं. एक गृहस्थ म्हणाले, अहो, आपला अर्धा तास सेफ आहे ना, मग उगाच कशाला. दुसरे म्हणाले, दोन सेकंदाच्या गॅपसाठी काय भांडायचं यार. हीच माणसं दिवाळीच्या कार्यक्रमात गाणाऱ्या बाईंनी समेवर येण्याआधी जरा जागा घेतली की माना डोलावून वाहवा करतात. पत्र गेलं नाही. मी एकटीने पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही.

नंतर लुचिया त्याला घेऊन बहिणीकडे फ्लोरिडाला राहायला गेली, आणि पुढचं सगळं मला फोनवरच कळत गेलं. मी मात्र ओरेस्तेला शेवटचं पाहिलं ते दोन हजार आठमधल्या त्या मार्चच्या रविवारी, पार्किंगमध्ये.

मी माझ्या कार्यक्रमासाठी पोचले तर त्याची गाडी इमारतीसमोर उभी. आत तो आणि लुचिया, रेडिओ चालू. त्याने कडक टाय बांधला होता. काच खाली करून म्हणाला, "मागे बस. आज आई बोलणार आहे."

गाणी झाली, बारसं झालं, कोण वारलं ते झालं. मग फोनची घंटा वाजली आणि एक आवाज आला. आवाज ओरेस्तेचाच होता. त्याने बाईचा आवाज काढला नव्हता, फक्त जिने चढून आल्यासारखा थोडा दमलेला आणि खालचा केला होता. लुचिया मागे वळून मला इंग्रजीत सांगायला लागली.

"'ओरेस्ते? तू आहेस का? जेवलास का? काय जेवलास? ते काही जेवण नाही. लुचिया कुठे आहे? तिला दे फोन. नको, राहू दे, तूच बोल. आवाज असा का येतोय तुझा? सर्दी झाली का? झालीच असणार.'"

मला समजायला जरा वेळ लागला. इतकी वर्षं हा बोलला होता आणि ती गप्प होती. शेवटच्या खेपेला त्याने उलटं केलं होतं. शुक्रवारी त्याने आईचं सगळं बोलणं बोलून टाकलं होतं आणि स्वतःच्या उत्तरांच्या जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. त्या डब्याने खाल्ल्या. आता आई एकामागून एक बोलत सुटली होती आणि मुलाला तोंड उघडायला जागा नव्हती.

पुढच्या सीटवर ओरेस्ते ते उघडू पाहत होता. प्रत्येक प्रश्नानंतर हो म्हणायला ओठ हलवायचा, "सी, म...", की आई पुढे गेलेली. मला वाटलं तो चिडेल. तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, स्टिअरिंगवर हात आपटत.

"बघ, बोलूच देत नाही," तो म्हणाला. "अगदी अशीच होती. त्या डब्याने पहिल्यांदा बरोबर काम केलं."

"'तुझ्या त्या साहेबाला सांग,'" लुचिया सांगत होती, "'मी मेले नव्हते. मी श्वास घेत होते. आणि ती शाल लुचियाकडेच राहू दे, तिला थंडी...'" इथे लुचियाला पुढचं सांगता आलं नाही. पण आईला काय त्याचं, ती बोलतच होती. मग ती म्हणाली, "ओरेस्ते, तांब."

"हे काय?" लुचिया म्हणाली. "हे इटालियन नाही."

आणि त्याच क्षणी, त्या शब्दाच्या शेपटाला चिकटून, गाद्यांची जाहिरात सुरू झाली.

ओरेस्तेचं हसू थांबलं. "इथे मी सगळ्यात मोठी जागा सोडली होती," तो म्हणाला.

"म्हणजे काय त्याचा अर्थ?" लुचियाने मला विचारलं. थांबून राहा, की बस कर?

इंग्रजीत एक शब्द निवडावा लागतो. मला तो निवडता येईना. गाद्या संपल्या. स्टेशनचं नाव सांगणारी धून वाजली. आता माझी पाळी होती. माझ्या हातात किल्ली होती, समोर इमारतीचं दार होतं, आत माझा माईक होता आणि तो उघडायला दुसरं कोणी नव्हतं. मी मागच्या सीटवर बसून राहिले.

रेडिओ गप्प झाला. त्यातून नुसती बारीक खरखर येत होती. ही शांतता कुठल्या डब्यातून जाणार नव्हती, कारण आम्ही लाइव्ह होतो.

"वैशाली, तुझा कार्यक्रम," लुचिया म्हणाली.

ओरेस्तेने तिला हाताने गप्प केलं. त्याला कळलं होतं. त्याने कोटाच्या खिशातून तो काळा रिसीव्हर काढला, वायर मांडीवर नीट ठेवली आणि तो कानाला लावला. आम्ही तिघं त्या खरखरीत बसलो होतो. तो मान हलवत होता. एकदा काहीतरी बोलायला गेला आणि पलीकडून गप्प केल्यासारखा थांबला. बऱ्याच वेळाने त्याने नाकातून एक लांब श्वास सोडला.

"सी, मम्मा," तो म्हणाला, आणि पुन्हा ऐकू लागला.